हातचा टाइमआउट

चेंडू बाहेर गेला, पंचांनी शिट्टी मारली आणि घड्याळ थांबलं. चेंडू बाबांच्या संघातल्या पोरांचा. पण एका गुणाने मागे, आणि उरलेला वेळ एक धड श्वास घ्यायलाही पुरणार नाही एवढाच. बास्केटखालची फरशी घामाने निसरडी झाली होती. फडकं घेऊन आलेला माणूस ती पुसायला बसला, घरचं स्वयंपाकघर पुसावं तशा सावकाशीने.

तिला तेच हवं होतं. त्याने अख्खं कोर्ट पुसावं, वाटलं तर भिंतीही पुसाव्यात. हा सामना गेला की कॉलेजचा हंगाम संपला. बाबांनी सुरू केलेल्यातलं एवढंच काय ते संपायचं राहिलं होतं. कपडे देऊन झाले होते, चष्मा कपाटात गेला होता, फोनचा नंबरही गेल्या आठवड्यात बंद झाला होता.

ती बेंचच्या टोकाला बसली होती. बसली होती म्हणजे काय, सारखी अर्धी उठत होती, पर्सचा पट्टा बोटाभोवती गुंडाळत होती, सोडत होती. शेजारी बाबांची घडीची खुर्ची, तिच्या पाठीवर त्यांचा टॉवेल. संघाचे प्रशिक्षक, म्हणजे बाबा, हंगामाच्या मध्येच गेले, तेव्हापासून पोरं ती खुर्ची प्रत्येक सामन्याला उचलून आणत, उघडून मांडत आणि मग तिच्यावर कोणी बसत नसे. बदली होऊन बाहेर आलेलं पोर दमून जमिनीवर फतकल मारी, पण खुर्चीला टेकत नसे.

धाकटे सर लगबगीने तिच्यासमोर आले. उमेदीची सगळी वर्षं बाबांच्या हाताखाली गेली म्हणून बाबा मोठे सर आणि हे धाकटे; केस मात्र केव्हाचे पिकलेले.

"ताई, एक टाइमआउट शिल्लक आहे. मिनिटभर पोरांना जवळ बोलवता येईल."

"मग घ्या ना!"

"मोठे सर शेवटचा कधी घेत नसत. हातचा राखायचे."

"घेऊ नका, सर," जिराफ म्हणाला. हा संघाचा कर्णधार. सगळ्यांहून हातभर उंच. रेषेपाशी उभा राहून त्याचं इकडेच लक्ष होतं. "शेवटी तुमचं तुम्ही बघायचं, असं होतं मोठ्या सरांचं. विश्वास होता त्यांचा आमच्यावर."

बाकीच्यांनी माना डोलावल्या. जिराफ मात्र तळहात चड्डीला पुसत होता. पुसून झाले की पुन्हा पुसत होता.

तिला खरं कारण ठाऊक होतं. सामन्याहून आले की बाबा बूट काढता काढता सांगायचे, "शेवटाला माझी जीभच टाळ्याला चिकटते गं. पोरांना जवळ बोलावलं आणि तोंडातून शब्दच फुटला नाही तर? त्यापेक्षा बोलवतच नाही." आणि मग आतल्या खोलीकडे बघून, हळूच, "कुठे बोलू नकोस हं."

धाकट्या सरांनी आवाज खाली आणला. "ताई, तुम्ही सांगा. सरांनी घेतला असता?"

फडकंवाला उठला. फरशीकडे मान तिरकी करून त्याने एकदा पाहिलं आणि चालू लागला.

"नसता घेतला," ती म्हणाली. "ते घाबरायचे. तुम्ही आत्ता घाबरलात ना, तसेच. तुम्ही घ्या."

तिला वाटलं होतं त्याहून ते मोठ्याने बोललं गेलं. रेषेपाशी जिराफचे हात थांबले.

धाकटे सर वळले आणि गुणलेखकाच्या टेबलाकडे बघून दोन्ही हातांनी खूण केली. भोंगा वाजला.

पोरं गोळा झाली. धाकट्या सरांनी तोंड उघडलं आणि मिटलं. पोरं बुटांकडे बघू लागली. मग एकेक जण तिच्याकडे.

"माझ्याकडे काय बघता? मला यातलं ओ की ठो कळत नाही," ती म्हणाली. "पाणी प्या."

कोणीतरी फिस्सकन हसलं. मोठ्या सरांचा प्रत्येक टाइमआउट याच दोन शब्दांनी सुरू व्हायचा. बाटली हातोहात फिरली. धाकटे सर बोलू लागले. "चेंडू जिराफकडे. बाकीच्यांनी त्याला वाट करून द्या. बस्स."

बाकीच्यांनी वाट करून दिली. जिराफ उडाला. चेंडू कड्यावर गरकन फिरला, क्षणभर घुटमळला आणि बाहेरच्या बाजूला पडला.

समोरच्या बेंचवरची पोरं आरडाओरडा करत कोर्टवर धावली. हस्तांदोलनं झाली. हॉल रिकामा होऊ लागला. ती पर्स मांडीवर घेऊन बसली होती. पट्टा तिने कधीच सोडून दिला होता.

जिराफ पाय ओढत आला आणि समोर उभा राहिला.

"ताई, मोठे सर खरंच घाबरायचे?"

"फार. म्हणून तर शेवटचा टाइमआउट घेत नसत."

तो म्हणाला, "आधी सांगायचं ना कुणीतरी. मला वाटायचं, मी एकटाच."

त्याने खुर्चीवरचा टॉवेल उचलून खांद्यावर टाकला, खुर्चीत बसला आणि वाकून बुटांच्या नाड्या सोडू लागला. बाकीची पोरं होती तिथे थबकली. धाकटे सर त्याला उठवायला पुढे झाले, पण तिने मानेनेच नको म्हटलं.

खुर्ची करकरली. बाबा बसले की करकरायची, अगदी तशीच.