पुतीची कडी

खुट्ट.

येमिमाचा मागावरचा हात थांबला. सकाळपासून घरात झालेला हा पहिलाच आवाज.

तिची सात वर्षांची लेक ओरपा रानातून आल्यापासून भिंतीकडे तोंड करून बसली होती. शेजारी उद्याच्या नावेसाठी बांधलेलं बोचकं. गावातले मास्तर गेले ते परतलेच नाहीत. शाळेला कुलूप लागलं. म्हणून आता ओरपाने सौमलाकी शहरात, आत्याकडे राहायचं आणि शिकायचं.

मग पुतीला कोण सांभाळणार? पुती म्हणजे तिचा काकाकुवा. चिमुकला, पांढराशुभ्र, चोचीपाशी तेवढा गुलाबी, जणू कुणी आत्ताच गालगुच्चा घेतलाय. मक्याच्या शेतातल्या फासातून ओरपानेच त्याला सोडवलं होतं, घास भरवून वाढवलं होतं.

आज पहाटे मायलेकी त्याला रानाच्या कडेला सोडून आल्या. उंच झाडांवर त्याच्या भाऊबंदांचा कलकलाट चालला होता. ओरपा त्याला हातातून सोडेना. शेवटी येमिमानेच तिची बोटं उलगडली.

"माया असली ना बाळा, की धरून ठेवायचं नसतं. जाईल, चार गोष्टी शिकेल, शहाणा होईल," ती वाटभर समजावत राहिली. कुणाला, ते तिचं तिलाच ठाऊक.

खुट्ट. पुन्हा.

येमिमा ओसरीत आली. रिकाम्या पिंजऱ्याला बाहेरून लटकून पुती चोचीने कडी वर ढकलत होता. दार उघडलं. तो आत शिरला, दांडीवर बसला आणि तुरा फुलवून बघू लागला, जेवायचं काय झालं म्हणून.

"हात्तिच्या!" जाळं खांद्यावर घेऊन अंगणात आलेला तिचा नवरा मेल्की हसत सुटला. "याला चर्चच्या दानपेटीजवळ फिरकू देऊ नका रे!"

येमिमालाही हसू आवरेना. ओरपा धावत आली, पिंजऱ्याला बिलगली.

"परत सोडून यायचं याला?" तिने घाबरत विचारलं.

"छे गं! मी बघेन त्याचं," येमिमा कणीस सोलत म्हणाली. "आपणहून घरी आलेल्याला कुणी हाकलतं का?"

ओरपाने पुतीला कोवळे दाणे भरवले. मग बोचक्याकडे पाहिलं. मग आईकडे.

"आई, मी आपणहून परत आले, तर मलापण ठेवून घेशील?"