तोंड उघडं काढ

ज्यांचा एकही फोटो मागे राहिलेला नाही, अशा माणसांचे चेहरे गौतमी टॅबवर काढून द्यायची. राहू गावच्या धुरपदामावशीला आपल्या वारलेल्या तान्ह्या लेकीचा चेहरा हवा होता.

गौतमीनं बसकं नाक काढलं.

"व्हय, असंच हुतं."

ते पुसून सरळ काढलं.

"व्हय, असंच."

डोळे बारीक केले, मग टपोरे केले. मावशी प्रत्येकाला मान डोलवत होती. गौतमी वैतागली.

"मावशी, नीट आठवून सांगा की!"

"बघितली असती तर आठवली असती, पोरी. सासूनं तवाच फडक्यात गुंडाळून नेली. मेलेलीच जल्मली, म्हनली."

गौतमीचा हात थांबला. मावशीनं चित्रातल्या मिटलेल्या ओठांकडं बोट केलं.

"हितं तोंड उघडं काढ. रडताना ऐकली हुती मी."