हजार वर्षांचा योद्धा

“हा योद्धा हजार वर्षं जगेल,” जपानमधल्या जुन्या एदो शहरातला चित्रकार कानबेई कपाळाला हात लावून गंभीरपणे म्हणाला. हाताला खळ होती, त्यामुळे तो कपाळावरून निघायला जरा वेळ लागला.

चित्र मात्र खरंच छान उतरलं होतं. लाकडी ठशावरून नुसत्या लाल रंगात छापलेला दाढीवाला योद्धा आणि त्याच्या पायाखाली केकाटणारा राक्षस. एकच प्रत निघाली आणि ठसा मधोमध तडकला.

तेवढ्यात शेजारीण धावत आली. “काका, धाकट्याला देवी आल्यात. रोगाचा राक्षस लाल योद्ध्याला भितो म्हणतात. उशाशी लावायला द्याल?”

कानबेईने चित्राकडे पाहिलं, तिच्या रडून सुजलेल्या डोळ्यांकडे पाहिलं आणि चित्र दिलं. “तेलकट हात तेवढे लावू नका,” इतकंच म्हणाला.

पोरगं बरं झालं. शेजारीण टोफू घेऊन आली.

“आणि योद्धा?”

“रीतच आहे ना, काका. रोगी उठला की चित्र नदीत सोडायचं. वाजतगाजत सोडलं, राक्षसासकट.”

रीत कानबेईला ठाऊक होती, पण आपल्या चित्राला ती लागू असेल असं त्याला वाटलं नव्हतं. हजार वर्षांपैकी जेमतेम पंधरवडा भरला होता. बाहेर ते पोरगं कुत्र्यामागे बोंबलत पळत होतं, त्यामुळे धड रागावताही येईना.

शेजारीण दारात घुटमळली. “काका, यांना परवापासून सर्दी आहे. एखादा लहानसा योद्धा असेल का?”