अलीमच्या वाट्याची शिक्षा

"माज्या पोराला शिक्षा का न्हाई केली?"

खातून पिंजारीण शाळेच्या दारात उभी राहून ओरडली तेव्हा गुरुजी फळ्यावर त्रैराशिक मांडत होते. दुपारची सुट्टी नुकतीच संपली होती. खातूनच्या केसांत, भुवयांवर कापूस तसाच चिकटलेला. एका हातानं तिनं अलीमला दंडाला धरून उभं केलं होतं, आणि तो रडून रडून लाल झाला होता.

गुरुजींना वाटलं, बाई बोलताना चुकली. पोराला मारलं म्हणून भांडायला आलेले आईबाप त्यांनी पुष्कळ पाहिले होते. "नाहीच केली शिक्षा, खातूनबाई," ते समजुतीच्या सुरात म्हणाले. "मी त्याला बोटसुद्धा लावत नाही."

"त्येच म्हन्ते म्या! का न्हाई?"

झालं होतं ते एवढंच. सकाळी पोरांनी शाळेच्या माठात बेडूक सोडला. बेडूक धरला कानिफनाथानं, झाकण उचललं पुंजारामनं, आणि अक्कल सगळी अलीमची. त्यानं आपल्या तोंडानं तसं कबूलही केलं. गुरुजींनी त्या दोघांना कान धरून उठाबशा काढायला लावल्या आणि अलीमला म्हणाले, "तू बस हो बाळ. तुझे पाय तसले."

बसला. शाळेत त्याला बसण्यापलीकडं दुसरं काम तरी काय होतं? दिवाळीपासून त्याचे गुडघे सुजत होते, मनगटं आखडत होती. एवढ्याशा पोराला कुठं वात असतो का, म्हणून गावानं आधी हसण्यावारी नेलं आणि मग एकदम दयाच सुरू केली. गुरुजींनी भिंतीशी घरची गादी आणून टाकली. पाणी पोरं हातात नेऊन देत. शाळेत यायचं पाठुंगळीला, घरी जायचं पाठुंगळीला. दया करायला लोकांचं जातं काय! पाय तर त्या पोराचे लाकूड होत चालले होते.

"लढाईपायी प्येट्रोल मिळंना, मोटारी बंद, म्हनून बैलगाडीत घालून नगरला नेला ह्याला," खातून म्हणाली. "डाक्टरीणबाईनं काय सांगितलं? अंगात ताप नसंल त्या दिशी ऊन पान्यानं शेकायचं, आन् खाटंला धरून उठायचं-बसायचं. दुकंल, रडंल, तरी करायचं. न्हाईतर गुडघं हायेत तसं धरत्याल, जल्माचं! आन् घरी ह्यो मला काय म्हन्तो? गुरुजींनी बसून ऱ्हा म्हनून सांगितलंय. खाटंला हात लावना आता."

"अहो, पण उठाबशा म्हणजे शिक्षा. आजारी लेकराला शिक्षा करू? गाव मला कसाई म्हणेल."

"मला म्हन्तंच की! सकाळच्या पारी ह्याच्या बोंबा ऐकून समदी आळी मला कसाई म्हन्ती. तुमी मातुर चांगलं ऱ्हावा, गुरुजी. ती गादी म्याच भरून दिल्ती तुमास्नी, न्या ती घरी! माजं प्वार जल्मभर खुरडत जाऊ द्या, पर तुमी चांगलं ऱ्हावा!"

गुरुजींचा चेहरा आधी उतरला, मग तापला. इतक्या पोरांदेखत त्यांना आजवर कुणी असं बोललं नव्हतं. आणि त्यांनी वाईट ते काय केलं होतं?

"घेऊन जा त्याला," ते म्हणाले. "माझ्यानं हे व्हायचं नाही."

तेव्हा अलीमनं दंड हिसडून सोडवून घेतला.

"बेडूक माजा हुता!" तो किंचाळला. "त्यांनी दोघांनी उठाबशा काढल्या, आन् मला बसीवलं! समदी पोरं म्हन्त्यात, लंगड्याला खेळात घिऊ नका, त्याला शिक्षा बी न्हाई!"

भिंतीला धरून तो खिडकीकडं निघाला. एक पोरगा त्याला पाठुंगळी घ्यायला उठला, त्याच्यावर तो असा खेकसला की पोरगा जागीच बसला. अलीमनं खिडकीचे गज दोन्ही हातांनी धरले. कान धरायला हात उरले नाहीत. मग कानिफनाथ कुणी न सांगता उठला, त्याच्या मागं जाऊन उभा राहिला आणि त्यानं अलीमचे दोन्ही कान धरले. मागच्या रांगेत कुणीतरी फिसकन हसलं.

अलीम खाली वाकला. थोडासाच गेला, तोच गुडघे अडले, आणि त्याच्या तोंडून जी किंकाळी निघाली ती ऐकून खातूननं तोंड भिंतीकडं फिरवलं. इतकी तणतणत आलेली बाई, पण आता तिनं पदर दातांत धरला होता.

"झाली, झाली!" गुरुजी धावत पुढं आले. "पुरे रे बाबा."

"कुठं झाली?" अलीम मान वळवून ओरडला. नाक गळत होतं, ते पुसायलाही त्यानं गज सोडला नाही. "निम्मीच झाली! पुंजारामची अशी निम्मी धरली असती का तुमी?"

गुरुजींनी खातूनच्या पाठीकडं पाहिलं, पोराच्या सुजलेल्या गुडघ्यांकडं पाहिलं. मग टेबलावरची छडी उचलून त्यांनी अशी आपटली की पुढच्या रांगेतली पोरं दचकली.

"नसती धरली!" ते गरजले. "वाक खाली, गाढवा!"

अलीमनं गज आवळले आणि तो आणखी खाली जायला लागला.