उसनी जीभ

दाराला टाळं होतं आणि काचेवर आतून जुने पेपर चिकटवलेले होते. त्याने फटीतून डोकावून पाहिलं. खुर्च्या टेबलांवर उलट्या ठेवलेल्या होत्या.

शेजारच्या न्हाव्याने कात्री न थांबवता सांगून टाकलं, की बेटवाला गेला गाशा गुंडाळून. दूरच्या कुठल्याशा बेटावरून आला होता, म्हणून सगळे त्याला बेटवालाच म्हणत. खानावळ उघडून पुरते दोन महिनेही झाले नव्हते. पेपरात काहीतरी छापून आलं आणि मग इकडे चिटपाखरू फिरकेना. आता म्हणे नवराबायको दोघंही कुठल्या गोदामात खोकी उचलतात.

"असं काय छापून आलं होतं?" त्याने उगाचच विचारलं.

"मी कशाला वाचतोय? कोण तो जीभकाका आहे ना, त्याने लिहिलं म्हणे."

जीभकाकाने मान खाली घातली आणि घराची वाट धरली.

या शहरात पन्नास मुलखांची माणसं आणि प्रत्येक मुलखाची निदान एक तरी खानावळ. सुट्टीच्या दिवशी जेवायला कुठे जायचं, यावरून घराघरात जुंपायची. मग कुणीतरी पेपर उघडायचं आणि जीभकाकाचं सदर मोठ्याने वाचून दाखवायचं. तो 'जा' म्हणाला की दारात रांग लागायची. 'नका जाऊ' म्हणाला की मालक माश्या मारत बसायचा.

आणि गंमत बघा, त्या नामांकित जिभेला गेल्या हिवाळ्यातल्या तापापासून कशाचाही पत्ता लागत नव्हता. मीठ, साखर, लिंबू, सगळं एकच, कागद चघळल्यासारखं. डॉक्टर म्हणाले, चव येईल हळूहळू. आली नाही. सदर सोडावं, तर बाबाला दुसरं येत काय होतं? शेवटी त्याने लाज गुंडाळून ठेवली, बायकोला सगळं खरं सांगितलं आणि तिलाच सोबत न्यायला लागला. ती हसून म्हणाली होती, बरं झालं, इतकी वर्षं एकटेच हादडत होतात.

तेव्हापासून ती चाखायची आणि तो लिहायचा. ती घास तोंडात घोळवत इकडेतिकडे बघत बसायची, आणि मग हळूच सांगायची, मासा ताजा आहे, सूप खारट झालंय, पुडिंग झकास. एकदाही चुकली नाही पठ्ठी. उलट वाचक कळवायला लागले, की काका, हल्ली अगदी आमच्या मनातलं लिहिता. ती शाबासकी तो मुकाट्याने खिशात घालायचा आणि मनातून ओशाळा व्हायचा.

बेटवाल्याकडे मात्र ती बराच वेळ गप्प राहिली होती. तो बिचारा स्वतःच शिजवत होता, स्वतःच वाढत होता, आणि प्रत्येक पदार्थामागून येऊन हात पुसत उभा राहत होता. शेवटी ती पुटपुटली, की कशालाच चव नाही. नक्की ना, असं जीभकाकाने तिला दोनदा विचारलं. तिने नुसती मान हलवली.

मग त्याने लिहिलं, 'इथे जाण्यापेक्षा घरी उपाशी झोपा.' ते वाक्य सुचल्यावर तो स्वतःवरच खूश झाला होता. आज तेच वाक्य त्याला छातीत रुतत होतं.

घरी आला तेव्हा बायको ओट्यापाशी उभी राहून वाटाणे सोलत होती. त्याने बूटही न काढता टाळ्याचं, गोदामाचं, खोक्यांचं सगळं सांगितलं. उद्याच संपादकांना भेटतो आणि सदर बंद करतो म्हणाला. तिचे हात थांबले.

"तू कशाला तोंड पाडतेस?" तो म्हणाला. "तू चव सांगितलीस ती खरीच होती. तिखटमीठ मी लावलं. पाप माझं आहे."

"अहो, बसा जरा."

तो बसला. तीही समोर बसली. पदराला हात पुसले.

"तुमच्या पाठोपाठ मलाही ताप आला होता ना. माझीही चव तेव्हाच गेली. तुम्ही इतके खचला होतात, की सांगायला जीभ रेटली नाही."

त्याला आधी काही कळेचना. मग त्याने विचारलं, की इतके दिवस ती सांगत तरी काय होती.

"बाकीच्या टेबलांवरची तोंडं बघायचे. कोण ताट पुसून खातंय, कोण सारखं पाणी पितंय, कोण अर्धं टाकून उठतंय. त्यावरून सांगायचे."

"आणि बेटवाल्याकडे?"

"त्या दिवशी त्याच्याकडे आपल्याशिवाय कुणीच नव्हतं हो."