आत्याचा मान

"आत्याबाई, कोपरापर्यंत धुवा!" सिस्टर ओरडायच्या आणि मी खळखळून हात धुवायचे. अख्ख्या दहावीत आत्या झालेली मी एकटीच, मग तोरा नको?

वेळेआधी जन्मलेली माझी भाची काचेच्या पेटीत होती. गोल खिडकीतून हात घातला की माझं बोट घट्ट धरायची.

"नाव काय ठरवलंयस?" वहिनी रोज विचारायची.

"बारशाला तिच्या कानात सांगेन, तेव्हाच कळेल. आणि पाठीत बुक्के हळू मारा हं सगळ्याजणी!"

मग एका सकाळी तिने बोट धरलंच नाही. डॉक्टर दादाला म्हणाले, "रक्तात जंतू पसरलेत. तेच जंतू इथल्या बेसिनच्या नळात सापडले."

बेसिनच्या नळात. मी माझ्या हातांकडे बघत राहिले. सिस्टरनी ते आपल्या हातांत घेतले. "तू एकटी नाहीस गं. आम्ही सगळेच तिथे धुवत होतो," म्हणाल्या आणि त्याच रडायला लागल्या.

दुसऱ्या दिवशी ती गेली. पांढऱ्या दुपट्यात गुंडाळून तिला वहिनीच्या मांडीवर ठेवलं, पहिल्यांदाच पेटीबाहेर.

"बिननावाचीच गेली गं माझी," वहिनी म्हणाली.

मला तिथून पळून जायचं होतं. पण नाव ठेवायचा मान आत्याचा. मी वाकले, इवल्याशा गार कानाशी तोंड नेलं आणि म्हटलं, "कुर्रर्र... शाल्मली."

मग वहिनीने ते नाव एकदा स्वतःशी म्हणून पाहिलं, हात उचलला आणि माझ्या पाठीत अगदी हळू बुक्का मारला.