डावा कोपरा

नणंदेने बास्केटबॉलसाठी कॉलेज बदललं, त्याला दोन महिने झाले. "जमतंय ना गं तिथे?" असं मी रोज विचारते आणि ती रोज "हो" म्हणते. परवा मात्र भांडी विसळता विसळता म्हणाली, "वहिनी, जुन्या टीममध्ये कॅप्टन न बघता माझ्याकडे पास टाकायची. इथे मी हात वर करून मोकळी उभी असते, तरी बघूनसुद्धा कोणी देत नाही."

आज त्या जुन्या कॉलेजशीच मॅच होती. शिट्टीने दचकू नये म्हणून मांडीवरच्या लेकीचे कान झाकून मी पहिल्या रांगेत बसले होते. शेवटचे दहा सेकंद उरले. आम्ही एका गुणाने मागे, आणि नणंद आपली डाव्या कोपऱ्यात हात वर करून उभी. बास्केटखाली चेंडूसाठी झटापट झाली आणि त्यातून चेंडू थेट तिच्या हातात आला. तिने तो शांतपणे बास्केटमध्ये टाकला. नव्या टीमने तिला अक्षरशः डोक्यावर घेतलं.



पास जुन्या कॅप्टनने दिला होता. न बघता.